कातळावर सोडलेले पट्टे

माझी धाकटी जाऊ गेली अकरा वर्षं एकच भिंत घासतेय. हे मी कुणाला सांगितलं की समोरच्याला वाटतं, मी तिची टिंगल करतेय. पूर्वी करायचे, खोटं कशाला बोलू? आता नाही. आता तिच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं, तर गाठ माझ्याशी आहे.

भिंत म्हणजे विटांची नव्हे. गावाच्या टोकाला पाणीपुरवठ्याचं पंपघर आहे, दोन खोल्यांचं. एकीत पंप धडधडत असतो, दुसरीत टेबल, दोन खुर्च्या, खिळ्याला लटकवलेल्या नोंदवह्या आणि कायम ओले असणारे रबरी बूट. पंपघर बांधताना मागचा डोंगर उभा कापला होता. तो कातळ दोन पुरुष उंच आहे आणि वर्षातले आठ-नऊ महिने पाझरत असतो. धार नाही की झरा नाही, नुसता ओलावा. हात टेकला तर तळवा भिजेल, एवढाच. ते पाणी खाली सिमेंटच्या पन्हळीत उतरतं, जाळीतून गाळून टाकीत जातं. आलेलं पाणी वाया का घालवा, असा कुणा जुन्या साहेबांचा विचार असावा.

आता ओला कातळ म्हटला की शेवाळ आलंच. ते दर सोमवारी घासून काढायचं, पन्हळ साफ करायची, जाळी धुवायची, हे धाकटीचं काम. ती लागली तेव्हा हंगामी होती आणि अकरा वर्षांनंतरही हंगामीच. साहेब बदलले, पंप बदलला, ही मात्र जिथल्या तिथे.

पहिल्या वर्षी तीही सांगितल्याप्रमाणे घासायची. शिडी लावायची, वरच्या कडेपासून सुरुवात करायची ती थेट पन्हळीपर्यंत, तारेच्या ब्रशने, सगळा कातळ लख्ख. एका सोमवारी ती जाळी धुवायला बसली, तर शेवाळाच्या लगद्यात बारीक काळ्या शेपट्या दिसल्या. तिला वाटलं, गवताची मुळं असतील. बोटाने उचलायला गेली, तर त्यातल्या एका मुळाने टुणकन उडी मारली आणि ते तिच्या बुटावर जाऊन बसलं.

त्या दिवशी ती हात न धुता माझ्या स्वयंपाकघरात आली. आमच्या चुली वेगळ्या, मधे एक दार, आणि ते दार बहुतेक वेळा माझ्या बाजूने लावलेलं असायचं.

"ताई, भिंतीवर बेडूकमासे आहेत."

मी कांदा चिरत होते. म्हटलं, "बेडूकमासे डबक्यात असतात. भिंतीवर पाली असतात."

"पाली नाहीत हो. बेडकाचीच पिल्लं. पाण्यात नाही राहत, दगडावर राहतात. आणि मी सगळी घासून जाळीत घातली."

ती तिथेच ओट्याला टेकून रडायला लागली. मला कळेना, कांदा मी चिरतेय आणि डोळे हिचे का गळतायत. दीर मधल्या दारात येऊन हसले. आमचे हेही हसले. मीही हसले, आणि वर म्हटलं, "बाई गं, बेडकांचं सुतक पाळू नकोस, जेवून घे."

ती जेवली. पण पुढच्या सोमवारपासून तिने त्या भिंतीकडे बघायला सुरुवात केली. बघणं म्हणजे आपण बघतो तसं नव्हे. काम सुरू करण्याआधी अर्धा तास ती कातळाला नाक लावून उभी. पंप चालवणाऱ्याला वाटलं, हिला चक्कर येतेय. त्याने खुर्ची आणून दिली. तिने खुर्ची घेतली, त्यावर चढली आणि आणखी वरचं बघायला लागली.

रात्रीच्या जेवणाआधी भांडी घासताना ती मला सगळं सांगायची. मी ऐकत नसले तरी सांगायची. ही पिल्लं डबक्यातल्यासारखी गोल-गरगरीत नसतात म्हणे, चपटी असतात, पोट दगडाला चिकटून. तोंड दगडावर टेकवायचं, शेवाळ खरवडायचं, मग पोटाने सरकायचं, बोटभर. पुन्हा तोंड टेकवायचं. अशी ती उभ्या कातळावर वरही चढतात, घाई न करता, चरत चरत. पाण्याची नुसती पातळ ओल लागते, तेवढ्यावर सगळा संसार. शेपटी लांब आणि बारीक, मागचे पाय इतरांपेक्षा आधी फुटतात. आणि कुणी त्रास दिला, की शेपटी एका अंगाला वाकवून दगडावर फाडकन आपटायची आणि पायांनी रेटा द्यायचा, की गेलंच ते दीड वीत लांब.

"शेपटी आपटून उडी कशी मारता येईल?" मी एकदा वैतागून विचारलं. एकदाच विचारलं, आणि फसले.

तिने भांडी पुसायचं ओलं फडकं घेतलं, ओट्यावर पसरलं, एक टोक चिमटीत धरून असं काही झटकलं की ते फडकं उडून माझ्या आमटीच्या पातेल्यात पडलं.

"अशी," ती म्हणाली.

त्या दिवशी आमच्यात जे बोलणं झालं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मधलं दार आठ दिवस बंद होतं.

पण ही बया गप्प बसणाऱ्यातली नाही. ती दिसायला गरीब गाय, आणि एकदा डोक्यात काही शिरलं की घोरपड. तिने तारेचा ब्रश टाकून कडक केसांचा, लांब दांड्याचा ब्रश स्वतः मागून घेतला. वरून खाली घासलं की पिल्लं खाली उड्या मारतात आणि पन्हळीत पडतात, हे तिला कळलं होतं. मग खालून वर घासून बघितलं, तर ती वर सरकेनात, तिथेच दबून बसत आणि ब्रशखाली येत. मग आडवं घासून बघितलं. असे किती सोमवार गेले असतील कोण जाणे. शेवटी तिने उभे पट्टे पाडले. एक हातभर रुंद पट्टा घासायचा, शेजारचा सोडायचा. सोडलेल्या पट्ट्यावर आधी पाणी शिंपडायचं, म्हणजे पिल्लांना तिकडे जावंसं वाटतं. पुढच्या सोमवारी उलट, घासलेला सोडायचा आणि सोडलेला घासायचा.

आणि ठोकणं. ते तिला अपघातानेच सापडलं. एकदा हातातून ब्रश निसटला, दांडा कातळावर आपटला, आणि तिथली सगळी पिल्लं टुणटुण बाजूला. तेव्हापासून पट्टा घासण्याआधी ती दांड्याने तीनदा ठोकते, दहापर्यंत आकडे मोजते, मग ब्रश लावते. दार वाजवल्याशिवाय कुणाच्या घरात शिरू नये, तसं. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा हे बघितलं आणि घरी येऊन आमच्या ह्यांना म्हटलं, "तुमच्या भावाची बायको बेडकांची परवानगी घेऊन नोकरी करते."

आम्ही खूप हसलो. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

आता माझ्याबद्दल सांगते, कारण पुढच्या भानगडीत मी आहे. मी दातांच्या दवाखान्यात खिडकीवर बसते. नावं लिहायची, वेळा द्यायच्या, कळवळत आलेल्या माणसाला "बसा, दोन मिनिटं" म्हणत अर्धा तास बसवायचं. दवाखान्याची बारीकसारीक कामंही माझ्याच गळ्यात आहेत. दिवे, पंखे, हात धुवायचा साबण, गच्चीवरची पाण्याची टाकी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी वहीत सगळ्यापुढे बरोबरची खूण करते. माझं अक्षर मोत्यासारखं आहे, हे सांगायला मी लाजत नाही. डॉक्टरांचं अक्षर डॉक्टरांनाही वाचता येत नाही, त्यामुळे दवाखाना माझ्या अक्षरावर चालतो म्हटलं तरी चालेल.

एका मंगळवारी सकाळी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका दाढ दाखवायला आल्या. यांच्यापुढे डॉक्टरही ताठ उभे राहतात, कारण लहानपणी त्यांच्या हातचा मार खाल्लाय. बाईंनी गुळणी केली, बाजूच्या भांड्यात थुंकल्या, आणि भांड्यात काहीतरी वळवळलं.

"डॉक्टर," बाई किंचाळल्या, "हे माझ्या दाढेतून निघालं?"

मी धावत गेले. बेडूकमासा होता, बोराच्या बीएवढा, जिवंत. मी तो चमच्याने उचलून औषधाच्या रिकाम्या बाटलीत घातला आणि बाटली माझ्या खिडकीत ठेवली. डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी त्याच तासाला पाणीपुरवठ्याच्या साहेबांना फोन लावला. बेडूकमासा म्हटल्यावर या गावात बोट कुणाकडे जाणार, हे मला दिसत होतं.

साहेब बुधवारी पंपघरावर गेले. नवे होते, वर्षही झालं नव्हतं. त्यांनी कातळ बघितला, त्यावर एकाआड एक हिरवे पट्टे बघितले, हिरव्यावर वळवळणारी पिल्लं बघितली आणि फोटो काढले. संध्याकाळी धाकटीच्या हातात कागद पडला. भिंत अर्धीच घासलेली आढळली, त्यातून पिण्याच्या पाण्यात जीवजंतू गेले, कामात हयगय झाली आहे, शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा द्यावा. पुढच्या आठवड्यात भिंतीवर सिमेंटचा थर मारून ती कायमची बंद करण्यात येईल. तोंडी साहेबांनी आणखी एक सांगितलं. हंगामी लोकांना कायम करायची यादी निघते आहे, तिचं नाव त्यात आहे, आणि खुलासा बरा नसेल तर ते काढलं जाईल.

अकरा वर्षांनी नाव लागलं होतं आणि आता ते पुसायला निघाले होते.

घरात सगळ्यांचं एकमत झालं, आमच्या घरात हे कधी होत नाही. दीर म्हणाले, माफी मागून टाक. आमचे हे म्हणाले, साहेबांशी वाद घालण्यात शहाणपण नाही. आणि मी काय केलं? मी चष्मा लावला, कोरा कागद घेतला आणि माझ्या मोत्यासारख्या अक्षरात तिचा माफीनामा लिहिला. मला अजून शब्द न शब्द पाठ आहे.

"माझ्या हातून कामात हयगय झाली. जे रोज बघायला हवं होतं, ते मी नीट बघितलं नाही. माझ्या चुकीमुळे दुसऱ्यांना त्रास झाला, त्याबद्दल मी माफी मागते. यापुढे असं होणार नाही."

खाली सहीसाठी जागा सोडली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने वाचला. सावकाश, दोनदा. म्हणाली, "अक्षर छान आलंय ताई. पण मी सही करणार नाही."

"का?"

"मी घासलंय. नीट घासलंय. घासलं नाही असं कसं लिहू?"

"अगं, दोन ओळींनी तुझं काय बिघडणार आहे? बेडकांसाठी नोकरी घालवतेस का?" माझा आवाज चढला होता. खरं सांगते, मला तिचा राग आला नव्हता, भीती वाटत होती. अकरा वर्षं पहाटे उठून जाणारी बाई, आणि हाताशी आलेलं असं घालवणार.

"बेडकांसाठी नाही ताई, माझ्यासाठी," ती म्हणाली. "ती पिल्लं वाचली तर मला आनंदच आहे. पण मी कामचुकार नाही. तेवढं एकच तर आहे माझ्याकडे."

दीर उठून बाहेर गेले. तिने कागद चौपदरी घडी करून कामाच्या झग्याच्या खिशात ठेवला. मला वाटलं, चला, पाघळली, सकाळी करेल सही. तर ती म्हणते, "ताई, तुमच्या खिडकीतल्या बाटलीत तो कसा हलतो?"

"कसा म्हणजे? पोहतो."

"कुठे? कडेला का मधे?"

"मधे. वरखाली करतो, गोल फिरतो, मजेत आहे. दोन दिवस तोंडासमोर आहे माझ्या."

"काचेला चिकटून बसतो का? पाण्याच्या वर येतो का?"

"नाही बाई. मासा आहे का पाल?"

धाकटी हसली. त्या सगळ्या बुधवारात पहिल्यांदा हसली. "मग तो माझा नाही," ती म्हणाली. आणि जाता जाता मधल्या दारातून मागे वळून म्हणाली, "ताई, तुमचं ते मोठं काचेचं भांडं शुक्रवारी द्याल?"

ते भांडं मी कुणालाही देत नाही. त्या दिवशी दिलं. जरा कुरकुर केली, पण दिलं.

शुक्रवारी पंपघराच्या टेबलाभोवती चौघं होतो. साहेब, त्यांच्यासमोर फाईल. डॉक्टर, हातात बाटली, चेहरा अजून तसाच. मी, कारण बाटलीत भरलं मी होतं. आणि धाकटी, रबरी बूट घालून, हात पाठीमागे.

"खुलासा आणलाय?" साहेबांनी विचारलं.

"दाखवते," ती म्हणाली.

तिने माझं भांडं टेबलावर ठेवलं, अर्धं पाण्याने भरलं आणि डॉक्टरांच्या बाटलीतला बेडूकमासा त्यात सोडला. तो गोलमटोल गडी शेपटी हलवत मधोमध निघाला. खाली गेला, वर आला, आपल्याच नादात. "हा डॉक्टरांच्या नळातला," ती म्हणाली. मग बाहेर गेली. दांड्याचे तीन ठोके ऐकू आले. परत आली तेव्हा तिच्या ओल्या तळव्यावर एक चपटं, तपकिरी, बारीक शेपटीचं पिल्लू होतं.

"हा माझ्या भिंतीवरचा," म्हणाली आणि तोही भांड्यात सोडला.

तो बुडाला. सरळ तळाशी. म्हटलं, मेला की काय. पण त्याने शेपटीने दोन-तीन आचके दिले, काचेपर्यंत पोचला, तोंड काचेवर टेकवलं आणि चढायला लागला. तोंड, पोट, पाय, पुन्हा तोंड. काचेतून त्याचं सगळं पोट दिसत होतं. साहेब खुर्चीवरून पुढे वाकले. पाण्याच्या रेषेशी आला, थांबला, आणि सरळ बाहेर! पाण्याच्या वर दोन बोटं जाऊन काचेला चिकटून बसला. खाली डॉक्टरांचा गडी अजून गोल गोल फिरत होता.

"त्याला पाण्यात बरं वाटत नाही," धाकटी म्हणाली. "खोल पाणी आलं की तो बाहेरचा रस्ता शोधतो. पन्हळीत पडला तरी कडेने वर येतो. साहेब, माझा पाण्यात थांबत नाही, आणि हा पाण्याबाहेर येत नाही."

साहेबांनी बोट पुढे केलं. "हात लावू?"

"लावा. पण तोंड जरा मागे घ्या."

साहेबांनी तोंड मागे घेतलं नाही. बोट लागताच फाडकन आवाज झाला आणि ते पिल्लू भांड्यातून सुटलं ते थेट डॉक्टरांच्या बाहीवर. डॉक्टर खुर्चीसकट मागे सरकले. मुख्याध्यापिका असत्या तर त्यांना छडी मिळाली असती. धाकटीने हलक्या हाताने ते पिल्लू उचललं, पुन्हा ओल्या तळव्यावर घेतलं. मी माझ्या जावेकडे बघत राहिले. ओट्यावरचं ते ओलं फडकं, माझी आमटी, आठ दिवस बंद ठेवलेलं दार, सगळं आठवलं. तिने मला तेव्हाच सगळं दाखवलं होतं.

साहेबांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. सोमवारी सोमवारी बघत गेले."

"मग नळातला कुठून आला?" डॉक्टरांनी तावातावाने विचारलं.

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. "तुमच्या गच्चीवर टाकी आहे ना?"

मला माझी वही आठवली, आणि आम्ही चौघं तसेच दवाखान्याकडे निघालो.

दवाखाना एकमजली. मागच्या झाडाची फांदी गच्चीवर टेकलेली. साहेब वर चढले, मागून डॉक्टर, मागून धाकटी, आणि सगळ्यात शेवटी गुडघे धरत मी. टाकीचं झाकण अर्धं बाजूला सरकलेलं होतं. त्यावर ठेवायचा दगड खाली पडलेला, त्याच्यावर वाळलेली पानं साचलेली, म्हणजे पडून बरेच दिवस झालेले. आत डोकावलं, तर गोलमटोल बेडूकमाशांचा नुसता बाजार भरला होता.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी वहीत खूण करत होते. टाकी बघितली, बरोबर. आणि गेल्या पावसाळ्यापासून गुडघ्यांमुळे मी एकदाही शिडी चढले नव्हते.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "झाकण बघायचं काम..."

"वाऱ्याने सरकलं असेल," धाकटी मधेच म्हणाली. "या बाजूला वारा फार आहे, डॉक्टर." तिने झाकण ओढून नीट बसवलं, त्यावर दगड ठेवला, मग इकडेतिकडे बघून आणखी एक ठेवला. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

त्या दिवशी एक पानही हलत नव्हतं. आणि मी गप्प बसले. मी, जी कुणाला उत्तर दिल्याशिवाय राहत नाही, तिच्या तोंडाला नेमकं तेव्हा कुलूप लागलं. नंतर टाकी रिकामी केली तेव्हा त्या सगळ्या बेडूकमाशांना धाकटीनेच बादलीतून नेऊन डबक्यात सोडलं.

सोमवारी साहेब स्वतः पंपघरावर आले. तासभर उभे राहून त्यांनी तिचं काम बघितलं. ती ठोकते, थांबते, पट्टा घासते, पिल्लं शेजारच्या ओल्या पट्ट्यावर जातात. जाळी उघडून बघितली, एकही शेपटी नाही. जुनी वही उघडून बघितली, तर ती पट्टे सोडायला लागल्यापासून जाळी तुंबायचं प्रमाण निम्म्यावर आलेलं. सोडलेल्या पट्ट्यांवरचं शेवाळ तीच पिल्लं चरून टाकत होती.

"सिमेंट रद्द," साहेब म्हणाले. "आणि ही पद्धत लिहून ठेवा. उद्या तुमच्या जागी दुसरं कुणी आलं तर त्यालाही असंच घासावं लागेल."

"ताई लिहितील," धाकटी म्हणाली. मी डबा घेऊन आले होते, दारातच उभी होते. "त्यांचं अक्षर फार चांगलं आहे."

कोरा कागद शोधायला लागलो तर तिथे होता कुठला? धाकटीने झग्याच्या खिशात हात घातला आणि चौपदरी कागद काढला. उलटी बाजू वर करून माझ्यापुढे ठेवला. "ही बाजू कोरी आहे."

मी लिहिलं. ती सांगत होती आणि मी लिहीत होते. वरून खाली घासू नये. उभे पट्टे पाडावे, एक घासावा, एक सोडावा. सोडलेल्यावर पाणी शिंपडावं. आधी ब्रशच्या दांड्याने तीनदा ठोकावं आणि दहापर्यंत मोजावं. माझं अक्षर आयुष्यात पहिल्यांदा वाकडं आलं. खाली तिने सही केली, स्पष्ट, पूर्ण नावानिशी. साहेबांनी शिक्का मारला, कागद उलटून मागची बाजूही वाचली, एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तो खिळ्याला लटकवला.

महिन्याभरात यादी लागली. तिचं नाव वरून चौथं होतं. सूचनाफलकासमोर गर्दी होती, आणि मी त्या गर्दीत कोपरं मारत पुढे जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. एकाने विचारलं, "ही कोण तुमची?" मी म्हटलं, "जाऊ आहे. सख्खी." लोक म्हणतात जावांचं पटत नाही. बघा म्हणावं.

पण झोप लागेना. शेवटी एका सकाळी मी डॉक्टरांच्या समोर उभी राहिले आणि वही उघडून सगळ्या खुणा दाखवल्या. "न बघताच केल्यात," म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. वर चढवत नसेल तर सांगायचं ना, बाई." एवढंच. पुढच्या महिन्यापासून टाकी तेच बघतात.

तिथून मी तडक पंपघरावर गेले. टेबलापाशी कुणी नव्हतं. मी खिळ्यावरचा कागद काढला, उलटा केला आणि माझा तो माफीनामा पुन्हा वाचला. जे रोज बघायला हवं होतं, ते मी नीट बघितलं नाही. टाकीचं झाकण तर होतंच. पण अकरा वर्षं शेजारच्या स्वयंपाकघरात कोण राहतंय, हेही त्यात आलं. सहीची जागा मीच रिकामी सोडली होती. तिथे मी सही केली.

मागे बुटांचा आवाज आला. धाकटी ओला ब्रश घेऊन दारात उभी.

"ताई, काय करताय?"

"सही राहिली होती," मी म्हटलं आणि मला रडू आलं. कांदा नव्हता, काही नव्हतं.

तिने हात झग्याला पुसले, कागद घेतला, वाचला. बराच वेळ वाचला, चार तर ओळी होत्या. मग पद्धतीची बाजू बाहेर ठेवून तो परत खिळ्याला लावला, कोपरा सरळ केला.

"चला," ती म्हणाली, "या बाहेर, दाखवते तुम्हाला. आणि जरा सांभाळून उभ्या राहा, आज बरीच तुमच्या पायाशी आहेत."

तिने दांड्याने कातळावर तीनदा ठोकलं, आणि आम्ही सगळे बाजूला झालो.